जिभेला न्यायालयाचा लगाम

इंग्रजी वृत्तपत्रांतील 'गॅग ऑर्डर' हा शब्द मराठीत आणू गेले म्हणजे पहिल्याप्रथम तोंडी येतो तो 'मुस्कटदाबी'. शब्द मोठा रोखठोक आहे. परंतु तो येतानाच आपल्याबरोबर निकालही घेऊन येतो. ज्याचे मुस्कट दाबले तो बिचारा आणि दाबणारा जुलमी, हे त्या शब्दातच ठरून गेलेले असते, आणि मग प्रकरण समजून घेण्याची गरज कोणास वाटत नाही. म्हणून या लेखापुरता तरी आम्ही तो शब्द दूर ठेवला आहे आणि 'वाक्‌बंदीचा हुकूम' असे साधे नाव पत्करले आहे. निकाल वाचकांनी आपला आपण करावा.

२०२४ च्या एप्रिल व मे महिन्यांत न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील फौजदारी न्यायालयात जो खटला चालला, तो जगभर गाजला. आरोपी होते डॉनल्ड ट्रंप. एकवार अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेलेले आणि पुन्हा त्याच पदासाठी त्या वर्षी निवडणुकीच्या रिंगणात उतरलेले. आरोप पाहू जाता रुक्षच होता. २०१६ च्या निवडणुकीपूर्वी एका स्त्रीने तोंड उघडू नये म्हणून ट्रंप यांचे वकील मायकेल कोहेन यांनी तिला १,३०,००० डॉलर दिले, आणि ती रक्कम वकिलास परत करताना धंद्याच्या हिशेबात ती वकिली फी म्हणून दाखवली, असा तो आरोप. हिशेबात खोट्या नोंदी केल्याची चौतीस कलमे लावण्यात आली होती. खटल्याचे मूळ एका स्त्रीच्या मौनाच्या किमतीत असावे आणि तो चालू असता वाद माजावा तो आरोपीच्या मौनाविषयी, हा योगायोग कोणा नाटककाराने रचला असता तर आम्ही त्यास कृत्रिम म्हटले असते.

न्यायाधीश हुआन मर्चन यांनी २६ मार्च २०२४ रोजी, म्हणजे खटल्याची सुनावणी सुरू होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, वाक्‌बंदीचा हुकूम काढला. या हुकुमाने नेमके काय बंद केले हे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्या तपशिलातच आहे. साक्षीदारांच्या साक्षीसंबंधाने आरोपीने जाहीर बोलू नये व दुसऱ्याकडून बोलवून घेऊ नये, ही पहिली गोष्ट. ज्यूरीवर असलेल्या किंवा येऊ घातलेल्या कोणाविषयीही बोलू नये, ही दुसरी. सरकारी वकिलांच्या हाताखालची मंडळी, न्यायालयाचे नोकर आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या कामात अडथळा आणण्याच्या हेतूने त्यांच्याविषयी बोलू नये, ही तिसरी. बस्स, इतकेच. हा खटला राजकीय सूडापोटी रचला आहे, कायदाच चुकीचा लावला आहे, न्यायाधीश पक्षपाती आहेत, मुख्य सरकारी वकील ॲल्विन ब्रॅग हे विरोधी पक्षाचे हस्तक आहेत, हे सारे म्हणण्याची मुभा आरोपीस होती, आणि ते त्यांनी रोज, न्यायालयाच्या दारात उभे राहून, चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर म्हटले.

आमच्या मते या हुकुमातील सर्वांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट हीच, की न्यायाधीशाने स्वतःला आणि मुख्य सरकारी वकिलास त्याच्या संरक्षणाबाहेर ठेवले. सत्ता ज्यांच्या हाती, त्यांना वाटेल ते बोला. जे केवळ आपले काम करण्यास किंवा आपले कर्तव्य म्हणून तेथे आले आहेत, त्यांना सोडा. पुढे न्यायाधीशांच्या मुलीवर ट्रंप यांनी तोंडसुख घेतले, तेव्हा १ एप्रिलला हुकूम वाढवून न्यायाधीश व सरकारी वकील यांच्या घरच्या माणसांनाही त्यात आणले गेले. खुद्द त्या दोघांवर टीकेची वाट तरीही उघडीच राहिली. ही टीका अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. मुलगी डेमोक्रॅटिक पक्षाचे काम करणाऱ्या एका व्यवसायसंस्थेत होती, आणि न्यायाधीशांनी स्वतः २०२० मध्ये त्या पक्षाच्या बाजूस एकूण ३५ डॉलरची देणगी दिली होती. रक्कम चहापाण्याची म्हणावी अशी असली, तरी न्यायासनावर बसणाऱ्याने ती द्यावयास नको होती. हे सांगण्याचा आरोपीस पुरा अधिकार होता आणि तो अबाधित राहिला.

हुकुमाची गरज का पडली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. त्याच शहरात आदल्या वर्षी ट्रंप यांच्यावर मालमत्तेच्या किमती फुगवून सांगितल्याबद्दल एक दिवाणी दावा चालू होता. न्यायाधीश होते आर्थर एन्गोरॉन. त्या न्यायाधीशांच्या शेजारी बसून त्यांना कायद्याच्या कामात साहाय्य करणाऱ्या एक बाई होत्या. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रंप यांनी आपल्या समाजमाध्यमावर या बाईंचे एका बड्या डेमोक्रॅट पुढाऱ्याबरोबरचे छायाचित्र टाकून त्यांच्या संबंधाविषयी हलकट शेरा मारला. न्यायाधीशांनी तत्काळ तो मजकूर काढावयास लावला आणि न्यायालयाच्या नोकरांविषयी कोणत्याही पक्षाने एक अक्षर बोलू नये असे बजावले. तोच मजकूर ट्रंप यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर मात्र सतरा दिवस तसाच राहिला. त्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. पाच दिवसांनी ट्रंप यांनी बाहेर पत्रकारांपाशी न्यायाधीशांच्या शेजारी बसणाऱ्या पक्षपाती व्यक्तीचा उल्लेख केला. आपण कोहेनविषयी बोललो असे त्यांनी शपथेवर सांगितले. न्यायाधीशांना ते पटले नाही. दंड झाला १०,००० डॉलर.

या दंडाच्या आकड्यांपेक्षा पुढील गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. त्या बाईंना व न्यायाधीशांना दूरध्वनीवर आलेल्या धमक्या आणि शिव्या न्यायालयाच्या सुरक्षा अधिकाऱ्याने उतरवून काढल्या, तेव्हा त्या दाट टंकलिखित २७५ पानांहून अधिक भरल्या. यातली एकही धमकी ट्रंप यांनी स्वतः दिलेली नव्हती, द्या असे कोणास सांगितलेही नव्हते. त्यांनी केवळ नाव उच्चारले होते. सामान्य माणूस रागाने कोणाचे नाव घेतो तेव्हा ते चार घरांत ऐकू जाते. कोट्यवधी अनुयायी असलेला पुढारी तेच नाव घेतो तेव्हा त्याचा आवाज कोणत्या गावी, कोणत्या माथेफिरूच्या कानी जाऊन थांबेल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. आणि ज्याचे नाव घेतले गेले त्याच्यापाशी उत्तर द्यावयास ना व्यासपीठ असते ना अनुयायी. पगारदार साहाय्यक बाईंनी कोठे पत्रकार-परिषद बोलवावी?

ज्यूरीचा प्रश्न याहून नाजूक. आपल्या वाचकांतील तरुण पिढीस ज्यूरी ही चीज ठाऊक नसण्याचा संभव आहे, कारण आपल्या देशातून ती केव्हाच गेली. परंतु मराठी घरांतून १९०८ च्या टिळकांवरील खटल्याची कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना सात विरुद्ध दोन हा ज्यूरीचा कौल आठवेल, आणि १९५९ च्या नानावटी खटल्यातील आठ विरुद्ध एक हाही. अमेरिकेत ती प्रथा आजही फौजदारी न्यायाचा कणा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांतून वाटावीत अशी बारा माणसे बोलावली जातात, आरोपी दोषी की निर्दोष हे तीच एकमताने ठरवतात, आणि काम संपले की आपापल्या नोकरी-धंद्यास जातात. मॅनहॅटनच्या या खटल्यात त्यांची नावे जनतेस कळू दिली नव्हती. तरीही १८ एप्रिलला, निवड होऊन दोन दिवस झालेल्या एका स्त्रीने न्यायाधीशांना सांगितले की वृत्तपत्रांत आलेल्या तपशिलावरून नात्यागोत्यातल्यांनी आपल्याला ओळखले आहे आणि आता आपले मन निःपक्ष राहील असे वाटत नाही. तिला मोकळे केले गेले. यात दोष आरोपीचा नव्हता, वृत्तपत्रांचा होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु या प्रसंगावरून त्या बाराजणांच्या मनावरील भार मात्र कळून येतो. आपल्याच घरातील एखादी सूनबाई किंवा जावई अमेरिकेचे नागरिक झाल्यावर उद्या टपालाने असे बोलावणे आले, तर आपण त्यांना काय सल्ला देऊ, याचा विचार वाचकांनी एकदा करून पाहावा.

ट्रंप यांनी हुकूम मोडला. एकदा नव्हे, दहादा. ३० एप्रिल २०२४ रोजी नऊ उल्लंघने सिद्ध धरून न्यायाधीशांनी ९,००० डॉलर दंड केला आणि सात मजकूर समाजमाध्यमावरून व दोन प्रचाराच्या संकेतस्थळावरून काढावयास लावले. ६ मे रोजी दहावे उल्लंघन ठरले: ज्यूरी फार घाईने निवडली आणि तीत बहुतेक सारे विरोधी पक्षाचेच आहेत, असे ट्रंप एका मुलाखतीत म्हणाले होते. त्याबद्दल आणखी १,००० डॉलर. दर उल्लंघनास हजार डॉलर, ही त्या राज्याच्या कायद्याने घातलेली कमाल मर्यादाच आहे. त्यापुढे पायरी आहे ती एकदम तीस दिवसांपर्यंतच्या कैदेची. मधले काही नाही. ज्याला हजार डॉलर म्हणजे खिशातली चिल्लर, त्याला अशा दंडाचा धाक तो कसला, ही अडचण न्यायाधीशांनी निकालपत्रातच मोकळेपणाने लिहून ठेवली. आणि ६ मे रोजी त्यांनी आरोपीस समोरासमोर सांगितले की तुम्हांस तुरुंगात घालणे ही मला अगदी शेवटी करावीशी वाटणारी गोष्ट आहे, तुम्ही माजी अध्यक्ष आहात व कदाचित भावीही. परंतु वेळ आली तर ते करावे लागेल.

वेळ आली नाही. त्यानंतर अकरावे उल्लंघन न्यायालयाने ठरवले नाही. यावरून हुकुमास यश आले असे म्हणावे, की कैदेची भाषा निघेपर्यंत दहा वेळा कायदा हसण्यावारी नेला गेला असे म्हणावे? आमचे मत दुसऱ्या बाजूस झुकते. एखाद्या गरीब आरोपीने साक्षीदाराविषयी जाहीरपणे असे दहा वेळा बोलावे आणि तो त्या रात्री घरी जाऊन जेवावा, हे न्यूयॉर्कमध्ये काय किंवा आमच्या गावी काय, आम्हांस संभवनीय वाटत नाही. समोरचा मोठा आहे म्हणून न्यायालयाने अधिक बंधन घातले अशी ओरड झाली. वस्तुस्थिती पाहता तो मोठा आहे म्हणून न्यायालयाने अधिक सोसले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र हलक्याने घेण्यासारखे नाही. निवडणूक सहा महिन्यांवर आलेली. उमेदवाराने काय बोलावे हे एका न्यायाधीशाने ठरवावे, आणि तेही असा साक्षीदार स्वतः रोज जाहीरपणे शिव्या देत असता? कोहेन हे खटल्यातले प्रमुख साक्षीदार. ते समाजमाध्यमांवर ट्रंप यांची यथेच्छ निंदा करीत होते आणि त्यांच्यावर कोणताही हुकूम नव्हता. एकाचे हात बांधून दुसऱ्याला आखाड्यात मोकळे सोडण्याचा हा प्रकार झाला, हा बचाव पक्षाचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. न्यायाधीशांनाही तो काहीसा पटला असावा. हा हुकूम साक्षीदारांच्या हाती दिलेली ढाल आहे, तलवार नव्हे, असे त्यांनी बजावले. कोहेनविषयीची काही वक्तव्ये उल्लंघन म्हणून धरली नाहीत. आणि १० मे रोजी, कोहेन यांना तोंड आवरण्यास सांगा असे सरकारी पक्षास सांगितले. सांगितले, हुकूम केला नाही. तेथे त्यांनी अधिक कठोर व्हावयास हवे होते.

हुकुमाचे कुंपण किती तोकडे होते याची गंमतही पाहा. मे महिन्याच्या मध्यास अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन आणि पक्षाचे इतर पुढारी न्यायालयाबाहेर येऊन, आरोपीस जे बोलण्यास बंदी होती तेच बोलू लागले. आरोपीने 'बोलवून घेऊ नये' असे हुकुमात होते खरे, परंतु कोण कोणाच्या सांगण्यावरून बोलतो हे सिद्ध कोण करणार? पाटलाने स्वतः शिवी दिली नाही, पाटलाच्या पाराखाली बसणाऱ्यांनी दिली, ही रीत आपल्या गावांतून काही अपरिचित नाही.

आणखी एक प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. २ मे रोजी ट्रंप पत्रकारांना म्हणाले, की या हुकुमामुळे आपल्याला साक्षही देता येत नाही. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी भर न्यायालयात खुलासा केला: साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलण्याचा आरोपीचा अधिकार पूर्ण आहे, हुकूम त्याला स्पर्शही करीत नाही. म्हणजे जेथे शपथेवर बोलावे लागते आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, त्या जागी तोंड उघडण्यास पूर्ण मोकळीक होती. ट्रंप यांनी साक्ष दिली नाही. साक्ष न देणे हाही आरोपीचा हक्कच आहे आणि त्यावरून अपराध गृहीत धरता येत नाही. परंतु बाहेरच्या ओट्यावरचे बोलणे आणि आतल्या पिंजऱ्यातले बोलणे यांत किती अंतर असते, हे यातून उघड झाले.

अशा हुकुमांची अमेरिकेतील वंशावळ शोधू गेल्यास ती मोठी अनपेक्षित निघते. क्लीव्हलंडजवळ राहणारे सॅम शेपर्ड नावाचे डॉक्टर १९५४ साली पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरले. खटल्याच्या काळात वृत्तपत्रांनी त्यांना आधीच फाशी देऊन टाकले होते, आणि न्यायालयाचे दालन पत्रकारांनी बाजारासारखे भरून गेले होते. १९६६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि खालच्या न्यायाधीशांना बजावले की पक्षकार, वकील, साक्षीदार यांच्या बाहेरच्या बोलण्यावर नियंत्रण ठेवणे हे तुमचे कामच आहे. म्हणजे हा लगाम मुळात घडवला गेला तो आरोपीच्या रक्षणासाठी. गर्दीचा आवाज न्यायालयात शिरून दुबळ्या आरोपीला चिरडू नये म्हणून. अर्धे शतक लोटल्यावर असा आरोपी आला की गर्दी त्याच्याच पाठीशी उभी होती, आणि लगाम उलटा धरावा लागला.

वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयाने ८ डिसेंबर २०२३ रोजी हाच विचार केला. २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलथवण्याच्या आरोपावरून तेथे ट्रंप यांच्यावर निराळा खटला होता, आणि न्यायाधीश तान्या चटकन यांनी त्यात वाक्‌बंदीचा हुकूम काढला होता. अपील न्यायालयाने तो कायम केला, पण चांगला छाटून. सरकारच्या विशेष वकिलावर, जॅक स्मिथ यांच्यावर, टीका करण्याची बंदी काढून टाकली. साक्षीदारांविषयी बोलण्याची बंदी त्यांच्या साक्षीपुरतीच ठेवली, कारण त्या साक्षीदारांत काही स्वतः मोठे राजकीय पुढारी होते आणि त्यांच्या राजकारणावर बोलण्यास मनाई करणे योग्य नव्हे. माजी अध्यक्ष व उमेदवार म्हणून ट्रंप यांचे बोलणे ऐकण्यात जनतेचे मोठे हित आहे, परंतु ते आरोपीही आहेत आणि इतर आरोपींना जी कार्यपद्धती तीच त्यांना, असा एकंदर सूर होता. मर्चन यांचा हुकूम याच छाटलेल्या नमुन्यावर बेतलेला होता.

आपल्याकडे काय? ज्यूरी नसल्यामुळे आपल्या न्यायालयांना जनतेच्या कानांची तितकी धास्ती नाही. शिकलेला न्यायाधीश बाहेरच्या गलबल्याने ढळत नाही असे आपण गृहीत धरतो. गृहीत धरतो इतकेच. चालू खटल्यात ढवळाढवळ करणाऱ्या बोलण्यास १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार रुपये! न्यूयॉर्कच्या हजार डॉलरना हसण्यापूर्वी आपण आपल्या या आकड्याकडे पाहावे. म्हणून आपल्याकडे आरोपी पुढाऱ्याच्या जिभेचा लगाम बहुधा जामिनाच्या अटींतून येतो. ज्या आठवड्यात मॅनहॅटनमध्ये दहावा दंड झाला त्याच आठवड्यात, १० मे २०२४ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना लोकसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी १ जूनपर्यंत अंतरिम जामीन दिला. अटींमध्ये ही होती की या खटल्यातील आपल्या भूमिकेविषयी बोलू नये आणि साक्षीदारांशी संपर्क ठेवू नये. बाकी प्रचारसभांत जे बोलावयाचे ते बोला.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच न्यायालयापुढे ओडिशातून एक प्रकरण आले होते. बरहमपूरच्या एका माजी महापौरांना जामीन देताना तेथील उच्च न्यायालयाने अट घातली होती की त्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणत्याही राजकीय कार्यात भाग घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. असे बंधन मूलभूत हक्कांवर घाला घालते, असे म्हटले. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे सीमारेषा हाती लागते. खटल्याविषयी बोलू नका, हे न्यायालयास म्हणता येते; राजकारण करू नका, हे नाही.

ही रेषा ओलांडली गेली म्हणजे काय होते, हे बेळगावकरांना वेगळे सांगावयास नको. १९१६ च्या एप्रिल अखेरीस बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, आणि १ मे रोजी लोकमान्य टिळकांनी त्याच गावी स्वराज्यावर भाषण केले. पाठोपाठ ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला. मंडाले येथील सहा वर्षांच्या कारावासातून सुटून त्यांना दोन वर्षे होत होती. पोलिसांच्या अर्जावरून पुण्याच्या जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्याने त्यांना नोटीस दिली. ती नेमकी २३ जुलैला, त्यांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात, हाती पडली. एक वर्ष सद्वर्तनाने वागण्याबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार, असा हुकूम झाला. भाषण केले आणि ते सरकारला खुपले तर चाळीस हजार गेले, असा हा सौदा होता. तत्कालीन चाळीस हजार म्हणजे काय, हे वाचकांनी आपल्या आजोबांच्या पगाराशी ताडून पाहावे.

टिळकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. वकील होते बॅरिस्टर जिना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांनी हुकूम रद्द केला. भाषणे समग्र वाचावीत, त्यांतली सुटी वाक्ये उचलून त्यावर निकाल करू नये, ही त्या निकालातील दृष्टी. मूळ भाषणे मराठीत आणि न्यायालयापुढे इंग्रजी भाषांतर, अशा प्रकरणात या सावधगिरीस किती मोल होते ते परप्रांतात राहून दोन-तीन भाषांत कागदपत्रे हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांना चटकन कळेल.

तुलना आम्ही दोन माणसांची करीत नाही. ती करणे हास्यास्पद होईल. तुलना दोन हुकुमांची आहे. पुण्याचा हुकूम कोणाचे रक्षण करीत होता? ज्या सरकारने तो मागितला त्या सरकारचेच. तेथे ना कोणी साक्षीदार भयभीत होता, ना कोणा ज्यूरीचे नाव चव्हाट्यावर आले होते. भाषण हाच अपराध आणि त्यापुढील वर्षभराची भाषणे हेच लक्ष्य. मॅनहॅटनचा हुकूम सत्ताधाऱ्यांना टीकेसाठी मोकळे ठेवून खटल्यातील लहान माणसांपुढे उभा राहिला. यापुढे कोणत्याही देशातून, कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्यावर असा हुकूम झाल्याची बातमी आली म्हणजे आम्ही प्रथम इतकेच पाहू: या हुकुमाच्या छत्रीखाली कोण उभे आहे?

आणि दुसरे हे, की तो संपतो केव्हा. ३० मे २०२४ रोजी ज्यूरीने चौतीसही कलमांवर ट्रंप यांना दोषी ठरवले. २५ जून रोजी न्यायाधीश मर्चन यांनी हुकुमाचा मोठा भाग सैल केला. साक्षी झाल्या, कौल झाला, तेव्हा साक्षीदारांविषयी व ज्यूरीविषयी बोलण्याची बंदी उठवली, आणि न्यायालयाचे नोकर, सरकारी वकिलांची मंडळी व त्यांची कुटुंबे यांच्यापुरती ती शिक्षा सुनावण्याच्या दिवसापर्यंत ठेवली. नोव्हेंबरात ट्रंप निवडणूक जिंकले. वॉशिंग्टनचा खटला त्याच महिन्यात काढून घेतला गेला. १० जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपदाची शपथ घेण्यास दहा दिवस उरले असता, मॅनहॅटनमध्ये शिक्षा सुनावली गेली: अपराध कायम, परंतु कैद नाही, दंड नाही, कसलीही अट नाही. दोषी ठरूनही जवळजवळ काहीच भोगावे लागले नाही, याबद्दल ज्यांना खंत वाटते त्यांच्यांत आम्हीही आहोत.

जूनमध्ये हुकूम सैल झाला तेव्हा एक गोष्ट मात्र न्यायाधीशांनी सोडली नाही. ज्यूरीतील माणसांची नावे आणि पत्ते उघड करू नयेत, असा एक वेगळा हुकूम त्यांनी मार्चमध्येच काढला होता. तो त्यांनी पुढील आदेश होईपर्यंत तसाच चालू ठेवला.